नेक्स्टक्लाउडचा बॅकअप: स्क्रिप्ट लिहिण्यापासून रिकाम्या मशीनवर रिस्टोअर करेपर्यंत

स्वतःच्या सर्व्हरवर नेक्स्टक्लाउड (फाइली साठवणारं आणि सगळ्या उपकरणांवर सिंक करणारं सॉफ्टवेअर) बसवलं की फोटो, कागदपत्रं, कॅलेंडर, संपर्क सगळं आपल्या ताब्यात येतं. ते सांभाळायची जबाबदारीही त्याच दिवसापासून आपली असते. बहुतेक जण बसवण्यात जेवढा वेळ घालवतात, त्याच्या निम्माही बॅकअपला देत नाहीत. आणि जे देतात, त्यांतलेही बरेच जण रिस्टोअर कधी करून बघत नाहीत. म्हणून या लेखात रिस्टोअरला जास्त जागा दिली आहे. रिकाम्या मशीनसमोर बसल्यावर हाताशी काय काय लागेल हे आधी ठरवायचं आणि त्यावरून स्क्रिप्ट लिहायची, हा क्रम मला पटतो.

लेख डेबियन किंवा उबुंटूवर थेट बसवलेलं नेक्स्टक्लाउड आणि मारियाडीबी डेटाबेस धरून लिहिला आहे. डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणाऱ्यांसाठी पुढे वेगळा भाग आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांतच टाइप करा.

सिंक म्हणजे बॅकअप नाही

नवीन माणसाचा पहिला गैरसमज हाच असतो: फाइल लॅपटॉपवरही आहे, सर्व्हरवरही आहे, मग दोन प्रती झाल्याच की! पण लॅपटॉपवरून फाइल उडवली की काही क्षणांत ती सर्व्हरवरून जाते आणि तिथून बाकीच्या सगळ्या उपकरणांवरूनही. फाइल खराब झाली तर ती खराब प्रतही तितक्याच तत्परतेने सगळीकडे पोहोचते. कचरापेटीत उडवलेल्या फाइल मूळ सेटिंगप्रमाणे ३० दिवस राहतात, पण जागा कमी पडली की त्याआधीही साफ होतात. जुन्या आवृत्त्याही त्याच डिस्कवर असतात. डिस्क गेली तर कचरापेटीही गेली. रेडचं, म्हणजे एकच माहिती दोन डिस्कवर एकदम लिहिणाऱ्या रचनेचं, तेच. एक डिस्क बिघडली तरी सर्व्हर चालू राहावा यासाठी रेड असतं. चुकून उडवलेलं फोल्डर ते दोन्ही डिस्कवरून एकदमच उडवतं.

काय काय जपायचं

चार गोष्टी: कॉन्फिग फोल्डर, डेटा फोल्डर, थीमचं फोल्डर आणि डेटाबेस. नेक्स्टक्लाउडच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही हीच यादी आहे. मी त्यात पाचवी गोष्ट घालतो: नेक्स्टक्लाउडचा कोड, म्हणजे सगळं इन्स्टॉलेशन फोल्डर, अॅप्ससकट. कोड पुन्हा डाउनलोड करता येतो हे खरं. पण रिस्टोअर करताना नेमकी तीच आवृत्ती लागते, आणि ती शोधत बसण्यापेक्षा डिस्कवर थोडी जागा गेलेली परवडली.

डेटा फोल्डरचं महत्त्व कोणाला समजावून सांगावं लागत नाही. डेटाबेसचं मात्र सांगावं लागतं. कॅलेंडरमधल्या नोंदी आणि संपर्क फाइल म्हणून कुठेच नसतात, ते फक्त डेटाबेसमध्ये असतात. कोणती फाइल कोणाला शेअर केली, कोणती लिंक कधी संपते, टॅग, प्रतिक्रिया, वापरकर्ते आणि त्यांचे गट, हे सगळंही तिथेच. डेटाबेस नसताना ऑकची (ऑक म्हणजे नेक्स्टक्लाउडचा टर्मिनलवरून चालणारा प्रोग्रॅम) 'फाइल्स:स्कॅन' कमांड चालवून फाइलींची यादी पुन्हा तयार होते, पण यातलं काहीच परत येत नाही. मुख्य साठवण म्हणून एसथ्री पद्धतीचं ऑब्जेक्ट स्टोरेज वापरत असाल तर परिस्थिती आणखी कठीण. तिथे फाइली मूळ नावाने नसतातच, 'यूआरएन:ओआयडी' आणि पुढे एक आकडा अशा नावाने असतात. कोणता आकडा म्हणजे कोणता फोटो, हे फक्त डेटाबेसला माहीत असतं.

कॉन्फिग डॉट पीएचपी ही एकटी फाइल काही केबींची असते, पण तिच्यात 'इन्स्टन्सआयडी', 'पासवर्डसॉल्ट' आणि 'सीक्रेट' या तीन किमती (व्हॅल्यू) असतात. त्या गेल्या तर त्यांच्या आधाराने एन्क्रिप्ट करून ठेवलेली माहिती, उदाहरणार्थ बाहेरच्या स्टोरेजचे पासवर्ड, पुन्हा वाचता येत नाही. नवीन इन्स्टॉलेशनमध्ये नव्या किमती बनतात आणि त्या इथे चालत नाहीत.

डेटा फोल्डर कुठे आहे हे गृहीत धरू नका. ते इन्स्टॉलेशन फोल्डरच्या बाहेर, वेगळ्या डिस्कवर असू शकतं. 'ऑक कॉन्फिग:सिस्टम:गेट डेटाडिरेक्टरी' ही कमांड नेमका पत्ता देते. ऑक नेहमी वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याच्या नावाने चालवायचं, डेबियन आणि उबुंटूवर तो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा असतो.

सगळं एकाच क्षणाचं हवं

बॅकअप चुकतो तो बहुधा इथे. डेटाबेसमधल्या 'फाइलकॅश' टेबलमध्ये प्रत्येक फाइलची नोंद असते. रात्री दोनला डेटाबेस उतरवून घेतला आणि फाइली कॉपी व्हायला पाच वाजले, तर मधल्या तीन तासांत कोणी टाकलेल्या फाइली डिस्कवर असतील पण डेटाबेसमध्ये नसतील. उडवलेल्या फाइलींची नोंद असेल, पण फाइल नसेल. असा बॅकअप उघडतो, पण त्यातून काय मिळेल याची खात्री देता येत नाही.

यासाठी मेंटेनन्स मोड असतो. तो चालू केला की नवीन लॉगिन बंद होतं, आत असलेल्यांचं काम थांबतं, आणि ब्राउझर व सिंक क्लायंटना ५०३, म्हणजे 'सेवा सध्या बंद', हे उत्तर मिळतं. डेटा शेकडो जीबींचा असेल तर तासन् तास सर्व्हर बंद ठेवणं कोणालाच चालणार नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे आरसिंक (फक्त बदललेल्या फाइली कॉपी करणारा प्रोग्रॅम) दोनदा चालवणं. पहिली फेरी सर्व्हर चालू असताना करायची, कितीही वेळ लागू दे. मग मेंटेनन्स मोड लावायचा, डेटाबेस उतरवायचा आणि आरसिंकची दुसरी फेरी करायची. आता फक्त मधल्या काळात बदललेल्या फाइली कॉपी होतात, त्यामुळे काम सहसा काही मिनिटांत उरकतं. झेडएफएस, बीटीआरएफएस किंवा एलव्हीएम वापरत असाल तर मेंटेनन्स मोडमध्ये डेटाबेस उतरवून लगेच स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणीची गोठवलेली प्रत) घ्या, मोड काढा आणि स्नॅपशॉटमधून सावकाश कॉपी करा. यात सर्व्हर सगळ्यात कमी वेळ बंद राहतो.

तयारी

बॅकअपची डिस्क ईएक्सटी४ किंवा तत्सम लिनक्स फाइलसिस्टमची हवी. विकत आणलेल्या डिस्क बऱ्याचदा एक्सफॅट किंवा फॅट३२ वर असतात. त्यावर फाइलचा मालक आणि परवानग्या टिकत नाहीत, आणि फॅट३२ तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइलच घेत नाही.

डेटाबेसचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये किंवा कमांडमध्ये लिहू नका. कमांडमध्ये लिहिलेला पासवर्ड चालू प्रोसेसच्या यादीत दुसऱ्याला दिसू शकतो. रूट वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल करा, तिच्यात 'क्लायंट' या शीर्षकाखाली वापरकर्ता आणि पासवर्ड लिहा, आणि तिची परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी, करा. डम्पच्या, म्हणजे डेटाबेस फाइलमध्ये उतरवण्याच्या, कमांडला ही फाइल 'डिफॉल्ट्स-एक्स्ट्रा-फाइल' या पर्यायाने द्यायची. हा पर्याय कमांडच्या नावानंतर लगेच, सगळ्यात आधी यावा लागतो. मागे टाकला तर कमांड तो ओळखत नाही.

स्क्रिप्ट, ओळीमागून ओळ

बॅशची पहिली ओळ झाली की लगेच 'सेट -ईयूओ पाइपफेल' लिहा. 'ई' मुळे एखादी कमांड फसली की स्क्रिप्ट तिथेच थांबते. 'यू' मुळे किंमत न दिलेलं व्हेरिएबल वापरलं तर ती थांबते. हे लहान वाटतं, पण बॅकअपच्या फोल्डरचं नाव ज्या व्हेरिएबलमध्ये हवं त्यालाच किंमत द्यायची राहून गेली आणि पुढे 'जुनं फोल्डर उडव' अशी ओळ असली, तर कुठलं फोल्डर उडेल याचा विचार करा.

'पाइपफेल' चं काम एका उदाहरणातून चांगलं दिसतं. बरेच जण डम्पच्या कमांडचं उत्तर पाइपने थेट जीझिपला, म्हणजे फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमला, देतात. समजा पासवर्ड बदलला आणि डम्प फसला. जीझिपला काहीच मिळालं नाही, पण रिकामी माहिती दाबून ठेवण्यात त्याच्या दृष्टीने चूक काहीच नाही. तो २० बाइटची एक व्यवस्थित फाइल बनवतो आणि यश कळवतो. पाइपमधल्या शेवटच्या कमांडचा निकाल तोच सगळ्याचा निकाल, असा बॅशचा मूळ नियम असल्यामुळे स्क्रिप्टही यश कळवते. फोल्डरमध्ये रोज नव्या तारखेची फाइल दिसत राहते, आत मात्र काही नसतं. 'पाइपफेल' लावल्यावर पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी पूर्ण ओळ फसली असं धरलं जातं.

मग 'यूमास्क ०७७', म्हणजे स्क्रिप्ट ज्या फाइली बनवेल त्या रूटशिवाय कोणाला वाचता येणार नाहीत. त्यापुढे 'फ्लॉक', म्हणजे कालचा बॅकअप अजून चालू असेल तर आजचा त्याच्यावर चढणार नाही.

आता एक तपासणी, जी मी कुठल्याही स्क्रिप्टमध्ये आधी शोधतो: 'माउंटपॉइंट -क्यू' आणि बॅकअप डिस्कचा पत्ता. डिस्क जोडलेली नसेल तर तो पत्ता म्हणजे मुख्य डिस्कवरचं एक साधं रिकामं फोल्डर असतं. आरसिंक निमूटपणे त्यात सगळं भरत जातं, मुख्य डिस्क तुडुंब भरते, आणि बॅकअप घेता घेता सर्व्हरच बंद पडतो. डिस्क जागेवर नसेल तर स्क्रिप्टने पुढे जायचंच नाही.

यानंतर आरसिंकची पहिली फेरी. पर्याय 'ए' लहान लिपीतला, म्हणजे मालक, वेळ, परवानग्या जपणारा. जोडीला मोठ्या लिपीतले 'ए' आणि 'एक्स', म्हणजे एसीएल (परवानग्यांची जादा यादी) आणि विस्तारित गुणधर्म. शिवाय 'न्यूमेरिक-आयडीज' (मालक नावाऐवजी क्रमांकाने जपणारा) आणि 'डिलीट' (मूळ जागी नसलेली फाइल प्रतीतूनही काढणारा). लहान लिपीतला 'एक्स' बऱ्याच तयार उदाहरणांत असतो, त्याचा अर्थ वेगळा: एकाच फाइलसिस्टमवर राहा. डेटा फोल्डर वेगळ्या डिस्कवरून इन्स्टॉलेशनच्या आत माउंट केलेलं असेल, तर या एका अक्षरामुळे सगळा डेटा वगळला जातो आणि एररही येत नाही. मूळ फोल्डरच्या नावापुढची तिरकी रेघ विसरू नका. रेघ असली तर फोल्डरमधला ऐवज कॉपी होतो, नसली तर खुद्द फोल्डर आत जाऊन बसतं.

सर्व्हर चालू असताना फाइली बदलत असतात, त्यामुळे या फेरीत आरसिंक कधीकधी २४ हा कोड देऊन थांबतं. यादी केली तेव्हा असलेली फाइल कॉपी करायच्या वेळी नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. फक्त या फेरीत २४ चालवून घ्या, बाकी कुठलाही कोड आला तर थांबा. दुसऱ्या फेरीत २४ सुद्धा चालवू नका. मेंटेनन्स मोडमध्ये फाइली नाहीशा होत असतील तर काहीतरी गडबड आहे.

आता मेंटेनन्स मोड. तो लावण्याआधी 'ऑक मेंटेनन्स:मोड' नुसतं चालवून तो आधीच लागलेला नाही ना, हे स्क्रिप्टने पाहावं. कोणी अपग्रेड करत असेल आणि स्क्रिप्टने शेवटी मोड काढून टाकला, तर अर्धवट अपग्रेड झालेल्या सर्व्हरवर लोक काम करू लागतील. मोड नसेल तर आधी 'ट्रॅप' लिहा: स्क्रिप्ट कुठल्याही कारणाने संपली तरी जाताना 'मेंटेनन्स:मोड --ऑफ' चालव. ट्रॅप आधी, मोड नंतर. उलट केलं तर मधल्या क्षणी काही बिघडल्यास सर्व्हर सकाळपर्यंत बंद राहतो. मोड लावल्यावर काही सेकंद थांबा, आधीच सुरू झालेली अपलोड किंवा पार्श्वभूमीतली कामं संपू द्या.

डेटाबेससाठी 'मारियाडीबी-डम्प', आधी सांगितलेली पासवर्डची फाइल, 'सिंगल-ट्रान्झॅक्शन' आणि 'डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट' म्हणून 'यूटीएफ८एमबी४'. शेवटचा पर्याय आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा: देवनागरी नावं आणि इमोजी सहीसलामत उतरतात की नाही, ते यावर ठरतं. डम्प झाला की फाइलची शेवटची ओळ वाचा. काम पूर्ण झालं असेल तर तिथे 'डम्प कम्प्लीटेड' हे शब्द असतात. ते नसतील तर स्क्रिप्टने एरर देऊन थांबावं. पोस्टग्रेस असेल तर 'पीजी-डम्प' वापरा.

दुसरी आरसिंक फेरी, मग मेंटेनन्स मोड बंद. जाता जाता एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये 'ऑक स्टेटस' चं उत्तर, पीएचपी आणि मारियाडीबीच्या आवृत्त्या आणि पीएचपी मॉड्यूलची यादी लिहून ठेवा. वेब सर्व्हरची कॉन्फिगरेशन फाइलही सोबत घ्या. रिस्टोअरच्या दिवशी ही टेक्स्ट फाइल सगळ्यात आधी लागते.

सर्व्हरपासून दूर, आणि इतिहासासकट

इथवर जे झालं ती फक्त ताजी प्रत. 'डिलीट' पर्यायामुळे काल उडवलेली फाइल आज बॅकअपमध्येही नसते. इतिहासासाठी रेस्टिक किंवा बॉर्ग हा बॅकअपचा प्रोग्रॅम हवा. दोन्ही चांगली आहेत. नवख्यांना मी रेस्टिक सुचवतो, कारण ते एकाच प्रोग्रॅम फाइलमध्ये येतं आणि साधा एसएसएच सर्व्हर, एसथ्री, दुसरी डिस्क यांपैकी कुठेही लिहू शकतं. बॉर्गला दूरच्या मशीनवरही बॉर्ग बसवलेलं असलं तर ते नीट चालतं.

रेस्टिकचं भांडार (बॅकअप साठवायची जागा) एकदा 'इनिट' ने तयार करायचं, पुढे रोज 'बॅकअप'. दरवेळी फक्त नवा भाग जातो, आणि सगळं एन्क्रिप्ट होऊनच जातं. त्यानंतर 'फॉरगेट' ला सांगायचं: रोजचे ७, आठवड्याचे ४, महिन्याचे १२ ठेव, आणि 'प्रून' ने बाकीची जागा मोकळी कर. महिन्याचे जास्त ठेवा असा माझा आग्रह आहे. एखादं फोल्डर गायब झाल्याचं कित्येकदा तीन-चार महिन्यांनी लक्षात येतं.

रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर भांडार कोणालाही उघडता येत नाही, कुठलीही मागची वाट नाही. तो पासवर्ड नेक्स्टक्लाउडमध्येच ठेवलेल्या पासवर्ड-तिजोरीत असू नये, कारण ती तिजोरी उघडण्यासाठीच तो लागणार आहे. कागदावर लिहा आणि सर्व्हरपासून वेगळ्या ठिकाणी ठेवा.

प्रत दूर का हवी, याचं उत्तर १० मार्च २०२१ ला मिळालं. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक पूर्ण इमारत जळाली. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांच्यातल्या काहींचा मूळ डेटाही गेला आणि बॅकअपही.

सर्व्हरवर कोणी घुसलं तर तिथल्या चाव्या वापरून तो दूरचा बॅकअपही पुसू शकतो, हाही धोका लक्षात घ्या. रेस्टिकचा स्वतःचा रेस्ट-सर्व्हर 'अपेंड-ओन्ली' चालवता येतो: नवीन भर घालायची मुभा, पुसायची नाही. तसं केलं तर 'फॉरगेट' आणि 'प्रून' दुसऱ्या, विश्वासाच्या मशीनवरून चालवायचे.

डॉकर असेल तर

कमांड त्याच, फक्त 'डॉकर एक्झेक' मधून जातात, वापरकर्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा देऊन. आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये 'आय' बरोबर 'टी' हा पर्याय टाकू नका, समोर टर्मिनल नसताना ती जोडी एरर देते. चालू डेटाबेस कंटेनरचा व्हॉल्यूम तसाच कॉपी करणं म्हणजे डेटाबेस लिहिता लिहिता त्याचा फोटो काढणं. डम्पच घ्या. डेबियनवर आधारलेल्या इमेजमध्ये डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाचा क्रमांक ३३ असतो, अल्पाइनवर आधारलेल्या इमेजमध्ये ८२. रिस्टोअर करताना इमेज बदलली तर मालकी जुळत नाही आणि सगळं असूनही काही उघडत नाही. ऑल-इन-वन प्रकारात बॉर्गचा बॅकअप आतच दिलेला आहे. तो वापरा, वेगळी स्क्रिप्ट लिहू नका, आणि त्याचा पासवर्ड बाहेर उतरवून ठेवा.

वेळापत्रक आणि निरोप

सिस्टमडी टायमर (ठरलेल्या वेळी काम चालवणारी लिनक्समधली सोय) लावा आणि त्यात 'पर्सिस्टंट' चालू ठेवा. ठरलेल्या वेळी मशीन बंद असेल तर सुरू झाल्यावर ते काम लगेच उरकलं जातं. क्रॉनही चालेल, पण क्रॉनमध्ये पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) तोकडा असतो, म्हणून कमांडचे पूर्ण पत्ते लिहा. हाताने चालवली तेव्हा चालली आणि रात्री चालली नाही, या तक्रारीचं कारण बहुतेकदा हेच निघतं.

फसल्यावर मेल यावा एवढंच पुरेसं नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेस सर्व्हरवरचा डेटा पुसला. नंतर बॅकअप शोधले तर रोजचा डम्प होतच नव्हता: डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ होता आणि डम्पची कमांड ९.२ ची चालत होती. ती दरवेळी फसत होती. फसल्याचे मेल निघत होते, पण पलीकडचा मेल सर्व्हर डीमार्कच्या (मेल खरंच त्या पत्त्यावरून आलाय का, हे तपासण्याच्या) नियमांमुळे ते नाकारत होता. एसथ्रीमधली बॅकअपची जागा रिकामी होती. सुमारे ६ तास आधी एकाने हाताने घेतलेला एलव्हीएम स्नॅपशॉट होता म्हणून बाकीचं वाचलं. कंपनीने हा सगळा तपशील स्वतःहून जाहीर केला, म्हणून आज आपल्याला त्यातून शिकता येतं.

तेव्हा निरोप यशाचा हवा. स्क्रिप्टच्या अगदी शेवटच्या ओळीने दुसऱ्या एखाद्या मशीनला किंवा देखरेखीच्या सेवेला 'झालं' असं कळवायचं, आणि ठरलेल्या वेळेत ते आलं नाही तर त्या सेवेने आपल्याला उठवायचं. अशाने सर्व्हर पूर्ण बंद असला तरी कळतं. महिन्यातून एकदा रेस्टिकची 'चेक' कमांड 'रीड-डेटा-सबसेट' लावून चालवा. ती भांडारातला काही भाग खरोखर वाचून पाहते.

रिस्टोअर

एखादीच फाइल हवी असेल तर पूर्ण सर्व्हरला हात लावू नका. रेस्टिकमधून ती फाइल काढा आणि नेहमीसारखी ब्राउझरमधून अपलोड करा. कॅलेंडरची नोंद गेली असेल तर आधी कॅलेंडरची स्वतःची कचरापेटी पाहा. तिथे नसेल तर जुना बॅकअप वेगळ्या मशीनवर उभा करून तिथून कॅलेंडर एक्स्पोर्ट करायचं.

पूर्ण रिस्टोअर रिकाम्या मशीनवर असा करा:

१. टिपून ठेवलेली आवृत्त्यांची फाइल उघडा. वेब सर्व्हर, त्याच मालिकेतलं पीएचपी, त्याची मॉड्यूल आणि मारियाडीबी बसवा. 'आता नवीनच बसवू' हा मोह टाळा. नेक्स्टक्लाउड मोठ्या आवृत्त्या ओलांडून उडी मारू देत नाही आणि मागेही जाऊ देत नाही. आधी जसं होतं तसं उभं करा, अपग्रेड नंतर. काम संपेपर्यंत वेब सर्व्हर बंद ठेवा.

२. 'रेस्टिक रिस्टोअर लेटेस्ट' आणि 'टार्गेट' म्हणून एक मोकळं फोल्डर. मूळ पूर्ण पत्ता त्या फोल्डरच्या आत तयार होतो, म्हणून फाइली थोड्या खोलवर सापडतील. तिथून आरसिंकने कोड, कॉन्फिग आणि डेटा जागच्या जागी न्या.

३. 'यूटीएफ८एमबी४' असलेला रिकामा डेटाबेस बनवा, वापरकर्ता आणि पासवर्ड कॉन्फिग डॉट पीएचपीमध्ये आहे तोच द्या, मग डम्प आत घ्या. त्याच मशीनवर करत असाल तर जुना डेटाबेस आधी काढून टाका. जुन्यावर डम्प ओतला तर डम्पमध्ये नसलेली टेबलं तशीच शिल्लक राहतात.

४. डेटाबेसचा पत्ता, डेटा फोल्डरचा मार्ग किंवा डोमेन बदललं असेल तरच कॉन्फिग डॉट पीएचपीमध्ये बदल करा. आधी सांगितलेल्या तीन किमतींना हात लावू नका.

५. मालकी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाकडे द्या. रेडिस (तात्पुरती माहिती मेमरीत ठेवणारा प्रोग्रॅम) असेल तर ते रिकामं करा, जुने लॉक आणि जुनी आठवण त्यात नको.

६. सर्व्हर मेंटेनन्स मोडमध्येच उठेल. घाबरू नका. कॉन्फिगची प्रत त्या मोडमध्ये असताना घेतली होती, म्हणून तो शिक्का तिच्यात आहे. वेब सर्व्हर अजून बंदच ठेवून मोड काढा आणि 'ऑक मेंटेनन्स:डेटा-फिंगरप्रिंट' चालवा.

ही शेवटची कमांड बहुतेकांकडून राहते, म्हणून जरा थांबून सांगतो. बॅकअप काल रात्रीचा आहे. आज दुपारी कोणीतरी लॅपटॉपवर अहवाल लिहिला, तो सिंकही झाला, आणि संध्याकाळी सर्व्हर गेला. रिस्टोअर केलेल्या सर्व्हरवर तो अहवाल नाही. लॅपटॉपवरच्या क्लायंटला दिसतं की ही फाइल सर्व्हरवर होती आणि आता नाही, म्हणजे कोणीतरी उडवली असणार. मग तो लॅपटॉपवरचीही उडवतो, आणि उरलेली एकमेव प्रत जाते. फिंगरप्रिंट बदललं की क्लायंटला कळतं की सर्व्हर बॅकअपमधून परत आलाय. तो स्थानिक फाइली राखतो आणि जिथे फरक आहे तिथे दोन्ही प्रती ठेवून निर्णय माणसावर सोडतो. क्लायंट जोडले जाण्याआधीच ही कमांड चालायला हवी, म्हणून वेब सर्व्हर बंद ठेवायचा.

७. आता वेब सर्व्हर सुरू करा. 'ऑक स्टेटस' पाहा, लॉग वाचा. सगळ्यात जुना आणि सगळ्यात नवा फोटो उघडा, कॅलेंडर पाहा, एक शेअर लिंक खाजगी खिडकीत उघडा, देवनागरी नावाची एखादी फाइल डाउनलोड करा. फाइली डिस्कवर आहेत पण दिसत नाहीत, असं काही आढळलं तरच 'फाइल्स:स्कॅन' चालवा. मग नेक्स्टक्लाउडचं दर ५ मिनिटांचं क्रॉन आणि बॅकअपचा टायमर पुन्हा लावा.

हे सगळं सर्व्हर गेल्यावर पहिल्यांदा करायचं नाही. स्क्रिप्ट लिहून झाली की त्याच आठवड्यात एका जादा मशीनवर किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये करून पाहा. भांडारातून डेटा उतरला की त्या मशीनला बाहेर जाणारं नेटवर्क तोडून टाका. ही प्रत स्वतःला खरा सर्व्हर समजते: ती लोकांना आठवणीचे मेल पाठवू शकते, जोडलेल्या बाहेरच्या स्टोरेजमध्ये लिहू शकते.

तालमीत लागलेला वेळही टिपा. १०० एमबीपीएसच्या जोडणीवरून ५०० जीबी उतरवायला, वेग पूर्ण मिळाला तरी, सुमारे ११ तास लागतात. घरच्यांना किंवा सहकाऱ्यांना इतका वेळ थांबणं शक्य नसेल, तर दूरच्या भांडाराबरोबर जवळच्या डिस्कवरची ताजी प्रतही कायम ठेवा. वाटेत जिथे अडलात ती प्रत्येक पायरी रेस्टिकच्या पासवर्डच्या कागदावरच लिहा, म्हणजे तुम्ही नसताना दुसरं कोणीही ते करू शकेल. आणि तालीम संपल्यावर त्या मशीनची डिस्क पुसायला विसरू नका, तिच्यावर सगळ्यांचा खरा डेटा आहे.